दुधाच्या पिशवीतली पेशी

आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर मधल्या सुट्टीत डोळे मिटून बसत. मला वाटे, डुलकी घेत असतील. एकदा जवळून पाहिलं, तर त्यांची बोटं टेबलावरचे मणी, सुतळी, चिंचोके चाचपत होती.

"सर, डोळे कशापायी मिटलेत?" मी विचारलं.

"नववीतल्या त्या पोरीला दिसत न्हाई, बरं का. पेशी आधी माझ्या बोटांना कळाय पाहिजे."

धडा आकृत्यांचा, तेव्हा तिने तो सोडून द्यावा, असं आम्हा बाकीच्या शिक्षकांचं मत होतं. सरांना ते पटलं नव्हतं. मी उत्सुकतेने त्यांच्या तासाला मागे जाऊन बसलो.

दुष्काळाचं साल होतं, गाव टँकरवर होतं. सरांनी दूध संघाची धुतलेली पिशवी काढली, तीत चिंचोका टाकला, आपल्या बाटलीतलं थोडं पाणी ओतलं आणि पिशवी तिच्या हातात दिली.

"बाहेरचं हे पटल, बरं का. आत टणक लागतंय ते केंद्रक."

तिने बराच वेळ चाचपलं. "लई मऊ पडलीय, सर. मेली का?"

"न्हाई. पाणी कमी हाय."

"आमच्या कापसाच्या पानावानी?"

सरांनी बाटलीतलं उरलेलं सगळं पाणी पिशवीत ओतलं. पिशवी तिच्या हातात ताठ होत गेली.

"एका पानात अशा किती असतात?"

"मोजता येत न्हाईत."

"मग त्या समद्यांना पाणी लागत असंल."

सरांनी मान हलवली. ती तिला दिसणार नाही हे लक्षात आल्यावर ते मोठ्याने म्हणाले, "हो."