बावड्याचं बोलकं पावणं

माणसावर काडीचा विश्वास न ठेवता सुखानं जगणारा एकच इसम मी पाहिलाय, तो म्हणजे कोल्हापुरातल्या कसबा बावड्याचा माझा आतेभाऊ. वय पंचविशीच्या आतबाहेर, नोकरी कॉम्प्युटरवरची. रिक्षावाल्यानं सांगितलेला रस्ता तो मोबाइलवर ताडून बघणार, आईनं ‘भात शिजलाय’ म्हटलं तरी झाकण उचलून खात्री करणार. असा हा संशयात्मा एकदा गुडघ्याएवढा, गोल डोळ्यांचा, तब्येतीचे सल्ले देणारा रोबो घेऊन आला आणि त्याच्यापुढं साफ विरघळला. रोबो ‘पाणी प्या’ म्हणाला की तांब्या तोंडाला, ‘आता झोपा’ म्हणाला की मॅच अर्धी टाकून आडवा. आत्या जन्मभर हेच सांगून थकली होती. मी तसं बोललो, तर शांतपणे म्हणतो, “आई काळजीनं सांगती. हे माहितीनं सांगतंय. फरक हाय की.”

आत्यानं रोबोचं नाव ‘पावणं’ ठेवलं. पाहुण्याला आधी वाढायचं ही तिची जुनी खोड, म्हणून पहिल्याच रविवारी मटणाचं ताट पावण्यापुढं गेलं. पावण्यानं डोळे मिचकावून ‘तेलकट टाळा’ असं सुनावलं. “पुण्याकडचं दिसतंय,” म्हणत आत्यानं ताट उचललं.

पुढं पोराचं पोट जळायला लागलं. डॉक्टरांवर भरवसा नाही, तेव्हा रोज पावण्यासमोर मांडी घालून बसायचा. “तिखट किती खाता?” पावणं विचारायचं. हा म्हणायचा, “बेताचं.” कोल्हापुरातलं बेताचं म्हणजे काय हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? ते आपलं थंड दूध सुचवायचं. एका रविवारी मात्र पोरगा दुखण्यानं दुमडून बसला, तशी आत्या हातातल्या पळीसकट बाहेर आली आणि पावण्यापुढं वाकली. “खोटं बोलतोय त्यो. तांबड्या रश्श्यावर वरनं कट ओतून घेतोय. आन् सकाळी मोरीत रगात दिसलं मला.” पावणं म्हणालं, “ताबडतोब रुग्णालयात जा.” आईचं कधी न ऐकणारा तो लगेच चपला शोधायला लागला. अल्सर निघाला. अजून उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. खाटेवर पडल्या पडल्या हा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, “पावण्यानं वाचवलं.” आत्या त्याला पेज भरवत राहिली.

आता तो बंगळुरूला असतो. आईचं बीपी बघायला म्हणून पावण्याला मागं ठेवून गेलाय. परवा मी गेलो, तर आत्यानं पावण्याला स्टुलावर बसवून समोर पोराचा व्हिडिओ कॉल लावून फोन धरला होता. “मी विचारलं की चिडतोय,” ती माझ्या कानात म्हणाली. पावण्यानं पोटाचं विचारलं, जेवणाचं विचारलं, आणि पोरानं सगळं खरं खरं सांगितलं. आत्या मागं उभी राहून एकेक शब्द ऐकत होती. शेवटी तो म्हणाला, “पावणं, आई जेवली का? तिला विचारलं की नुसतं व्हय म्हणती.”

“माहिती उपलब्ध नाही,” पावणं म्हणालं.

आत्या अजून जेवली नव्हती. ती खाली वाकली आणि पावण्याला हळूच म्हणाली, “व्हय म्हण की.”