दूध वर येईपर्यंत

मूर्खपणा आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझी दया यायला नको. सासूबाई आतल्या खोलीत धडधाकट, गवारीच्या शेंगा मोडत बसलेल्या असताना मी एक कथा लिहिली. त्या कथेतली सून सासू बाथरूममध्ये पडल्याचा आवाज ऐकते आणि लगेच धावत नाही. बरं, ही सून मी 'ती' म्हणून लिहिली नाही. 'मी' म्हणून लिहिली. वर डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकात ती छापायला दिली. शीर्षकापुढे तीन टिंबं, खाली माझं नाव, नावाशेजारी फोटो. फोटोत मी हसतेय.

तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते. पन्नाशीची बाई इतकी बावळट असू शकते यावर माझ्या नातीचा विश्वास बसत नाही. माझा बसतो, मी त्या बाईला जवळून ओळखत होते.

खापर फोडायचंच तर कार्यशाळेवर फोडते. ठाण्याला दोन रविवार कथालेखनाची कार्यशाळा होती, चहा-बिस्किटांसकट. शिकवणारे गृहस्थ म्हणाले, "'मी' वापरून लिहा. वाचक थेट पात्राच्या डोक्यात जाऊन बसतो. आणि वस्तू स्वतःच्या घरातल्या घ्या. खोटी वस्तू वाचकाला लगेच कळते." मी शहाण्या मुलीसारखी मान डोलावली. डोक्यात जाऊन बसलेला वाचक नंतर बाहेर येतो आणि जिन्यात आपल्या तोंडाकडे बघत उभा राहतो, हे त्या गृहस्थांनी काही सांगितलं नाही.

वस्तू म्हणाल तर घरातलं मी काहीच सोडलं नाही. निळी बादली घेतली. काठ वाकडा झालेलं दुधाचं पातेलं घेतलं. बाथरूमची आतली कडी घेतली, जी बाहेरून फटीत स्टीलची पट्टी घालून वर करता यायची. नारायण तेलाचा वास घेतला. सासूबाईंची हाक मारायची तऱ्हा घेतली, "अगो, ऐकलंस काय?" आणि सगळ्यात मोठी चोरी म्हणजे ते पडणंच घेतलं, कारण त्याच आषाढात त्या खरोखर बाथरूममध्ये घसरल्या होत्या. मनगट मोडलं, प्लास्टर घातलं, गणपतीपर्यंत बऱ्याही झाल्या.

खरं काय घडलं होतं ते ऐका. मी धावले होते. गॅस तसाच सोडून धावले, दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली ट्रॉलीतल्या वाट्यांपर्यंत गेलं. पण धावताना मनात एक विचार येऊन गेला. आमचं स्वयंपाकघर ते बाथरूम म्हणजे काही डोंबिवली ते कल्याण नव्हे, तरी तेवढ्यात तो आला: आता सगळं संपलं असेल तर? तो घाबरून आला नव्हता. कसा आला होता ते घरात सासू असलेल्या वाचकाला मी सांगायला नको.

तेवढा एक विचार मी उचलला आणि कथेत त्याला दूध तापायला लागतो तितका वेळ दिला. कथेतली सून गॅससमोर उभी राहते. आतून कण्हणं ऐकू येतं. ती दुधाकडे बघत राहते. आमटीत कमी पडलेल्या मिठावरून पाहुण्यांसमोर ऐकलेले बोल तिला आठवतात. माहेरी जायचं ठरलेलं असताना नेमकी सासूची दुखलेली कंबर आठवते. साय धरते, फुगते, दूध वर येतं. मग ती गॅस बंद करते, पट्टी घेते, कडी वर करून दार उघडते, सासूला कुशीत घेते आणि हमसाहमशी रडते. बाहेर गजावर एक चिमणी येऊन बसते. चिमणीचा मला फारच अभिमान होता.

वसुबारसेला अंक घरोघरी गेला, आणि मी नवी साडी नेसून कौतुकाची वाट बघत बसले.

पहिल्या आल्या तळमजल्यावरच्या शेजारीणबाई. माझ्याकडे बघितलं न बघितल्यासारखं करून थेट आत गेल्या. "कशा आहात काकू? हात दाखवा बघू. आणि कुठे लागलंय का?" त्यांच्यामागून समोरच्या ब्लॉकमधल्या बाई बशीभर अनारसे घेऊन आल्या. ते त्यांनी माझ्या हातात दिले नाहीत, आत नेऊन सासूबाईंच्या हातात दिले आणि त्या खाईपर्यंत तिथून हलल्या नाहीत. दिवाळी संपेस्तोवर आमच्या घरी माणसांची नुसती रीघ. सासूबाई खूश. मला म्हणाल्या, "हल्ली सगळ्यांना माझं भारी प्रेम आलंय गो. मरायला टेकले की काय मी?"

सेक्रेटरी भेटले. "वहिनी, कथा प्रभावी आहे हं. फक्त खाली 'काल्पनिक' असं टाकायला हवं होतं." मग आवाज खाली आणून, "आणि काकूंना म्हणावं, काही लागलं तर आम्ही सगळे आहोत." म्हणजे कुणापासून वाचवायला आहेत, ते बोलले नाहीत.

पण खरा हादरा दिला तो वरच्या मजल्यावरच्या नव्या सुनेनं. एरवी मान खाली घालून जाणारी मुलगी. जिन्यात मला गाठून म्हणाली, "काकू, खरं सांगा ना, किती वेळ थांबलेलात?"

"अगं, ती गोष्ट आहे!"

"हो, हो. गोष्टच." तिनं माझा हात घट्ट दाबला. "मी पण कोणाला सांगणार नाही."

मी पायरीवर बसलेच. 'मी पण' म्हणजे काय? तिची सासू आत्ताच माझ्यासमोरून भाजी घेऊन वर गेली होती.

कुणी भाषेबद्दल बोलेना, कुणी बांधणीबद्दल बोलेना. चिमणी तर एकालाही दिसली नाही. आता माझी नात मोबाईलवर भागाभागानं येणाऱ्या गोष्टी वाचते आणि खाली लोकांनी काय काय लिहिलंय ते मला वाचून दाखवते. "या बाईला जेलमध्ये टाका." "लेखिकेच्या घरी असंच चालत असणार." नात खो खो हसते. मला हसू यायला थोडा वेळ लागतो.

यजमानांनी कथा वाचलीच नव्हती. बायकोचं नाव छापून आलंय यातच त्यांची छाती फुगलेली. भाऊबीजेला ते ठाण्याला बाळकुमला आपल्या बहिणीकडे गेले आणि ओवाळणीबरोबर अंकही देऊन आले. "तुझ्या वहिनीची कथा आहे, वाच." दुसऱ्या दिवशी वन्संचा फोन आला. हे "हो, हो" करत ऐकत राहिले, फोन ठेवला, आणि शेजाऱ्यांकडून अंक मागून आणून बाल्कनीत उभ्याउभ्या वाचला. आमची प्रत मी तांदळाच्या डब्यामागे ठेवली होती.

मग यजमानांनी सकाळी सुताराला बोलावलं आणि बाथरूमची आतली कडी काढून टाकली. दूधही स्वतःच तापवायला लागले.

"अहो, ती मी नाही," मी म्हटलं.

"नाव तुझं आहे."

"नाव लेखिकेचं असतं. कथेतली 'मी' वेगळी असते. तिला निवेदक म्हणतात."

त्यांनी ओट्याकडे बघितलं. "असेल. पण पातेलं आपलं आहे ना."

यावर त्या कार्यशाळेतल्या गृहस्थांनी काय उत्तर दिलं असतं, देव जाणे.

कडी गेल्यामुळे सासूबाई भडकल्या. "आता आत मी आहे हे कळायला अंघोळ करताना आरत्या म्हणू काय?" पण कडी का गेली ते त्यांना कळलं नाही. त्यांना कळलं नव्हतं तेवढंच माझ्या हातात उरलं होतं. त्यांचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं अधू झालेले, ऑपरेशन थंडीत ठरलेलं. वाचन सगळं माझ्या तोंडून. कितीतरी वर्षं रोज दुपारी जेवणं आवरली की मी त्यांना वाचनालयातली कादंबरी वाचून दाखवायची. आमच्यात दुसरं काही गोड नव्हतं. मीठ, भाजी, पाहुणे, माहेर, सगळ्यावरून वाजायचं. पण पुस्तक उघडलं की आम्ही दोघी एका बाजूला आणि लेखक दुसऱ्या बाजूला. लेखकाला त्या सोडायच्या नाहीत. "वीज चमकवलीन् म्हणजे समज, याला पुढचं सुचत नाहीये." "ही एवढी चांगली बाई आहे ना, हिला मारणार बघ हा." आणि तो मारायचाच.

ती दुपार जाणार, याची मला धास्ती होती. कथेत मी जे लिहिलं ते ऐकल्यावर कुठली बाई माझ्याजवळ बसून डोळे मिटून ऐकेल? रोज पुस्तक उघडताना वाटायचं, आज कुणीतरी सांगणार. मी त्यांना एवढंच म्हटलं होतं, "यंदाचा आपला अंक काही खास नाही." केवढी हुशारी!

रविवारी वन्सं आल्या. हातात रिकामी मोठी बॅग. माझ्याकडचं पाणी घेतलं नाही.

"आई, चल. माझ्याकडे राहायचं आता. लिफ्ट आहे, बाथरूममध्ये धरायला दांडी आहे."

"का गो? जावई गावाला गेलेत काय?"

"तसं नाही. तू इथे नकोस." आणि मग त्यांना राहवलंच नाही. पर्समधून अंक काढून त्यांनी सासूबाईंच्या मांडीवर आपटला. "हिनं तुझ्यावर काय लिहिलंय माहितीये? छापलंय! सगळी बिल्डिंग वाचून बसलीय. तू सोडून."

सासूबाईंनी अंक डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पानं चाचपली. मला वाटलं आता माझ्या अंगावर येतील. त्यांनी अंक माझ्यापुढे धरला.

"वाच."

"मी वाचते," वन्सं म्हणाल्या. "ही गाळेल."

"तू नको. तू बातम्या वाचल्यासारखं वाचतेस. तिलाच वाचू दे."

मग वन्सं माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या आणि ओळीवर बोट धरलं. यजमान दारात. मी वाचायला लागले. आयुष्यात इतकं वाईट वाचलं नाही. सासूबाई डोळे मिटून बसलेल्या, रोजच्यासारख्या.

"पातेलं कुठलं?" त्यांनी मध्येच विचारलं.

"वाकड्या काठाचं."

"हं."

मिठाचा परिच्छेद आला. मी दोन ओळी उडवायला गेले तर वन्संचं बोट तिथेच रुतलेलं. वाचलं. कंबर दुखण्याचं आलं, तेही वाचलं. तिथे त्यांची भुवई किंचित हलली. मग ते वाक्य आलं, आता सगळं संपलं असेल तर. ते वाक्य मी लिहिताना टेबलावर किती ऐटीत लिहिलं होतं! ते जिच्यावर लिहिलं तिच्यासमोर मोठ्यानं म्हणायचं असतं, हे मला कुठे ठाऊक होतं? वन्संनी बोट पुढच्या ओळीवर सरकवलं.

दूध वर आलं. गॅस बंद झाला. पट्टी, कडी, दार, कुशी, रडणं. चिमणीसुद्धा वाचली.

वन्संनी पदर डोळ्यांना लावला, खाली वाकून बॅगेची चेन उघडली आणि कपाटाकडे वळल्या. मी अंक मिटला. माफी मागायला तोंड उघडलं, पण कशाची मागू? धावले नाही याची? की धावले, याची?

सासूबाईंनी डोळे उघडले. आधी लेकीच्या दिशेनं बघितलं, मग माझ्या. कादंबरी संपल्यावर त्यांचा चेहरा जसा व्हायचा, अगदी तसाच झाला होता, आणि त्याची मला जास्त भीती वाटली. त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, पण पुढचं मी जसंच्या तसं देते, एक शब्दही इकडचा तिकडे नाही:

"ती बॅग मीट गो, मी कुठं जात नाही. वाचणारी इथं आहे. आणि तू, सूनबाई, बाकी सगळं बरं जमवलंयस, चिमणी तेवढी काढ. पण शेवटाला घाबरलीस. एवढं सगळं मनात साठलेली बाई दार उघडत नाही. मी नसतं उघडलं."