ताणावरची बाग

माझं आणि आक्काचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, लग्न एकाच घरात झालं. दोन सख्खे भाऊ, दोन सख्ख्या बहिणी. आमचं माहेर इंदापूरकडचं, कोरडवाहू. शाळू पिकला तर पिकला, नाहीतर हुलग्याच्या माडग्यावर दिवस काढायचे. लग्न होऊन सांगवीत आले तेव्हा भर उन्हाळ्यात कालव्याच्या पाटाला पाणी वाहताना बघून मी काम टाकून काठावर बसून राहायची. आक्का हसायची. म्हणायची, "हुईल सवय. मलाबी असंच व्हायचं."

तिचे मालक नात्याने माझे थोरले दीर, पण मी त्यांना दाजीच म्हणायची. भाऊ वेगळे झाले तेव्हा भांडण झालं नाही. पाटाखालची काळी जमीन दाजींना गेली, तिथं त्यांचा ऊस. आम्हाला पलीकडचं मुरमाड रान आलं. मधल्या बांधावरची विहीर सामाईक राहिली. मोट आळीपाळीनं धरायची असं ठरलं.

त्या मुरमाड रानात यांनी मोसंबी लावली आणि कडेनं डाळिंबं. मी तेव्हा नवी नवरी होते. पहिल्या उन्हाळ्यात रोपांना तुराट्यांची सावली केली ती मी, शेळ्या हाकलल्या त्या मी. झाडं फळायच्या वयाला आली तेव्हा दसऱ्याच्या सुमाराला यांनी मला बागेत उभं करून ताण म्हणजे काय ते सांगितलं.

"पानी तोडायचं. बुडाची माती काढून मुळ्यांना ऊन दावायचं. झाडाला वाटतं, आता आपलं काय खरं न्हाय. मग ते पान टाकतं आन् फळायचं मनावर घेतं."

"आन् मेलं तर?"

"येळेवर पानी दिलं तर कशाला मरंल? ताण आपुन दिलाय, तो सोडायचाबी आपुनच."

पुढं थोड्याच दिवसांत ओढ्याच्या उताराला गाडी उलटली आणि यांची मांडी मोडली. हाडवैद्यानं कामट्या बांधून यांना बाजेवर निजवलं. बाग माझ्यावर आली. पाणी तोडलं. प्रत्येक झाडाभोवती उकरून मुळ्या उघड्या केल्या. हळूहळू पानं मलूल झाली, मग कडेनं गुंडाळली, मग पिवळी पडून गळायला लागली. रोज सकाळी मी घरात येऊन यांना सांगायची, आज इतकी गळली, अमक्या झाडाची शेंड्याची तेवढी राहिली. हे बाजेवरून म्हणायचे, "भिऊ नगंस."

त्या पौषात थंडीनं हद्द केली. एका पहाटे रानात गेले तर गवतावर पांढरं पडलेलं. ऊन वर आलं तशी आक्काच्या परसातली केळीची पानं उकडल्यासारखी काळी होऊन लोंबली. दाजींच्या नव्या लागणीचा ऊस कोवळा, भरपूर पाण्यावर वाढलेला. त्याचे पोंगे करपले. माझी बाग मात्र होती तशी उभी होती. दाजी बांधावर येऊन बराच वेळ तिच्याकडं बघत राहिले.

"तुज्या झाडांला थंडी बाधली न्हाय गं."

"उपाशी हायती, दाजी. रस न्हाय तर गारठंल काय?"

मी हे गमतीनं बोलले होते, आणि मनातून मला त्या झाडांचा अभिमान वाटला होता.

त्याच आठवड्यात कालवा दुरुस्तीसाठी बंद झाला. दाजींचा ऊस बुडातून पुन्हा फुटू बघत होता, त्याला पाणी हवं होतं. त्यांनी विहिरीवर मोट धरली. मला काही वाटलं नाही, कारण बागेला अजून पाणी नको होतं. माघ लागल्यावर मी आक्काकडं गेले. ती भाकऱ्या थापत होती.

"आक्का, चवथ झाली की माझा ताण सोडायचा. तवा मोट मला लागंल."

"तुजंच पानी हाय, मी न्हाय म्हणंन व्हय?" ती म्हणाली. मग तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "तू असं कर. मोरगावला जाऊन ये चवथीला. मालकाच्या पायासाठी नवस बोललीस न्हवं? आळीतल्या बायका गाडीनं निघाल्यात. हितं मी हाय. त्यांचं खाणंपिणं बघीन, आन् तुजी झाडंबी भिजवून घिईन."

मी यांना विचारलं. हे म्हणाले, "जा की. आक्का हाय न्हवं." म्हणताना त्यांनी तोंड भिंतीकडं केलं होतं. पाय दुखत असेल असं मला वाटलं.

मोरगावला मी देवासमोर बसून यांच्या पायासाठी मागितलं आणि बागेसाठीही मागितलं. परतीच्या वाटेवर बायका गाणी म्हणत होत्या, मीही म्हटली. गावात गाडी शिरली ती दुपारी. मी घरी न जाता आधी बागेत गेले. सगळ्या झाडांच्या बुडाशी केलेल्या आळ्यांतली माती काळीभोर, ओली दिसत होती. मला इतका आनंद झाला की मी वाकून एका आळ्यात हात घातला. बोटाच्या पेराएवढी ओल लागली. त्याखाली फुफाटा. खुरपं आणून दुसऱ्या झाडाखाली उकरलं, तिसऱ्याखाली उकरलं. सगळीकडं तेच, वर ओल आणि खाली राख. मोट जिथं रिकामी होते त्या थारोळ्यातून माझ्या बागेकडं येणाऱ्या पाटाला तडे गेलेले होते. त्यातून पाणी आलंच नव्हतं. पलीकडं दाजींच्या उसात पाय रुतेल असा चिखल होता.

आक्का माझ्या घरात यांच्या उशाशी ताट ठेवत होती. मी दारातूनच विचारलं, "मोट कुणासाठी चालली गं?"

ती ताटातली भाकरी उगाच मोडायला लागली.

"आळ्यांत वरनं पानी कुणी टाकलं?"

"मी," ती म्हणाली. "कळशीनं."

"का?"

"तू आल्या आल्या बघशील म्हणून. दोन दिस तरी तुला बरं वाटावं म्हणून." आणि ती रडायला लागली.

तेव्हा हे म्हणाले, "तिला बोलू नगं. मीच सांगितलं दादाला पानी घे म्हणून."

मला आधी ते कळलंच नाही. हे पुढं बोलत राहिले. दादा येऊन पायाशी बसला. म्हणाला, ऊस हातचा जातोय. विहिरीला दोन्हींपुरतं पाणी नाही. "मी म्हनलं, झाडं सोसत्यात. एवढी थंडी सोसली, आणखी पंधरवडा सोसतील. ऊस सोसत न्हाय."

"मग मला मोरगावला कशाला धाडलं?"

"तू ऐकली नसतीस."

मी ऐकलं नसतं हे खरंच होतं. पण ज्या माणसाला मी रोज एकेका पानाची खबर देत होते, त्यानं माझ्या पाठीमागं पाणी देऊन टाकलं, आणि माझ्याच बहिणीच्या हातानं मला गावाबाहेर पाठवलं. देवापुढं मी त्याच्याच पायासाठी डोकं टेकत होते तेव्हा इकडं तिघांनाही सगळं ठाऊक होतं. आळीतल्या बायकांना ठाऊक होतं की नाही, हे मी कधी विचारलं नाही. विचारायची भीती वाटली.

आक्काच्या त्या कळशीनं आणखी वाईट केलं. झाडांना वाटलं, पाणी आलं. चारसहा दिवसांत फांद्यांवर हिरवे डोळे फुटले, काही ठिकाणी पांढऱ्या कळ्याही आल्या. मी ओढ्याच्या डबक्यातून हंडे आणून जमेल तेवढं ओतत होते, पण ते त्या मुरमात कुठल्या कुठं जाई. कळ्या वाळून मोहरीसारख्या जमिनीवर पडल्या. मग शेंड्याकडून फांद्या सुकत खाली आल्या. हे म्हणाले होते तो पंधरवडा संपला, त्यानंतरही ऊस पाणी पीतच राहिला. कालवा सुटला तेव्हा होळी होऊन गेली होती.

मोसंबीची निम्म्याहून जास्त झाडं गेली. डाळिंबं वरून वाळली, पण पावसाळ्यात बुडातून फुटली. मेलेली झाडं मी स्वतः कुऱ्हाडीनं तोडली. हे तेव्हा काठीच्या आधारानं चालायला लागले होते. बांधावर उभे राहून म्हणाले, "मला वाटलं न्हवतं असं हुईल."

"मला इचारलं असतं तर कळलं असतं," मी म्हणाले आणि पुढचं झाड तोडायला घेतलं.

त्या मोकळ्या जागेत ऊस लावू, पाट काढून देतो, असं दाजींनी सुचवलं. मी नको म्हणाले. पुढच्या दसऱ्याला यांनी विचारलं, उरलेल्या झाडांना ताण द्यायचा का. मी म्हणाले, आपली स्वतःची विहीर होईस्तोवर नाही. झाडं मग मनाला येईल तेव्हा फुलायची. फळं थोडी आणि जाड सालीची. बारामतीच्या बाजारात त्यांना कुणी फारसं विचारत नसे. हे बागेतली मोसंबी सोलून पहिली फोड माझ्यापुढं धरायचे. मी ती घ्यायची. तेवढ्यात काही बोलायचं असेल तर ते बोलतील म्हणून थांबायची. त्यांना ते कधी जमलं नाही.

आक्काशी मी अबोला धरला नाही. एका अंगणात राहून तो धरता येत नाही. तिची बाळंतपणं मी केली, तिच्या पोरांना तेल-पाणी केलं, तिच्या चुलीवर जेवले. एकदा शेक घेत असताना तिनं माझा हात धरला. म्हणाली, "अजून हाय का गं मनात?"

"पडून राहा. गार वारं लागंल," मी म्हणाले आणि तिच्या अंगावर घोंगडी ओढली.

पण त्यानंतर घर तिच्या भरवशावर टाकून मी कुठल्याच गावाला गेले नाही. माहेरी आमची आई गेली तेव्हाही, आक्का आणि हे गाडीत बसलेले असताना, मी आधी दाराला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि मग गाडीत बसले.