नमुन्याचे तांदूळ

भाताला टाल्कम पावडरीचा वास येत होता, तरी मी दुसऱ्यांदा वाढून घेतला. मी लावलेला भात सहसा चिकट होतो. त्या दिवशी चुकून मोकळा झाला होता, आणि अशा वेळी मी वासाकडं बघत नाही.

बायको सकाळी खांद्याच्या व्यायामाला दवाखान्यात गेली होती. जाताना म्हणाली, "आमटी झालीय, भात तेवढा लावा." तांदळाचा डबा रिकामा. फळीवर मात्र पातळ मोज्यांत बांधलेल्या तांदळाच्या तीन पुरचुंड्या होत्या. लहान, मधली, मोठी. माझं आयुष्य सांगलीच्या हळदीच्या पेठेत गेलं. पुरचुंडी दिसली की मला नमुनाच दिसतो. कुणीतरी इंद्रायणीचे नमुने पाठवले असणार असं ठरवून मी मधलीची गाठ सोडली.

बायको आली, हातपाय धुऊन ताटावर बसली. पहिला घास नाकापाशी नेला आणि खाली ठेवला.

"तांदूळ कुठले घेतलेत?"

"फळीवरचे. नमुन्याचे."

"कुठली पुरचुंडी?"

"मधली."

तिनं ताट पुढं सरकवलं. मग म्हणाली, "मी तीच ठरवली होती."

गेल्या वर्षी कॅन्सरमुळं तिचा डावा स्तन काढावा लागला. हा शब्द लिहितानाही माझा हात अडखळतो, बोलण्यात तर तो आमच्या घरी कधी आलाच नाही. आम्ही 'ते ऑपरेशन' म्हणतो. तेव्हापासून ती कपडे बदलायला आत गेली की कडी लावते. कडीचा आवाज आला की मी टीव्ही मोठा करतो. मी कान देऊन बसलोय असं तिला वाटू नये म्हणून. याला मी समजूतदारपणा समजत होतो. मुलगी पुण्याला असते. तिचा फोन आला की आम्ही आळीपाळीनं "बरं चाललंय" म्हणतो, फोन ठेवतो, आणि आपापल्या खोलीत जातो.

उन्हाळ्यात साताऱ्याला माझ्या पुतण्याचं लग्न होतं. भर उकाड्यात ही दोन्ही खांद्यांवरून पदर ओढून मांडवात मागं बसली. फोटोला बोलावलं तर म्हणाली, डोकं दुखतंय. परतीच्या एसटीत कऱ्हाड मागं पडल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी इम्प्लांट बसवून घेणार हाय."

मी म्हणालो, "तुला योग्य वाटेल ते."

या वाक्याचा मला फार अभिमान होता. पुढं विश्रामबागेतल्या डॉक्टरांकडंही मी तिच्याबरोबर गेलो होतो. दोघंही आत या म्हणाले, तर मी बाहेर बाकावर चपला सांभाळत बसलो. त्या चपला कोण नेणार होतं, देव जाणे.

त्यामुळं आत काय झालं, ते मला आता, गार होत चाललेल्या भातासमोर कळलं. डॉक्टरांनी टेपनं तिच्या छातीची रुंदी मोजली. म्हणाले, इम्प्लांटची रुंदी तुमच्या छातीप्रमाणंच ठेवायची. जास्त रुंद घेतला तर कड काखेत टोचेल. त्या रुंदीत उठाव किती हवा, ते मात्र तुम्ही सांगा. सिस्टरनं युक्ती सांगितली. मापाच्या ग्लासानं तांदूळ मोजून मोज्यात भरायचे, ब्लाउजच्या आत घालून घरातली कामं करायची, आणि आरशात बघत राहायचं.

"भाकरी थापताना घातली, झाडताना घातली, स्कूटरवरनं मंडईत जाऊन आले," ती म्हणाली. "रोज चिमूटभर काढत होते, चिमूटभर घालत होते. काल कुठं मनासारखी झाली. उद्या सकाळी डॉक्टरांना सांगायचंय, आणि तुमी ती आमटीबरोबर खाल्ली."

दुसऱ्यांदा वाढून, हे मी बोललो नाही.

"मला सांगायचंस तरी," मी म्हणालो.

"काय सांगू? तुला योग्य वाटेल ते, एवढंच येतंय तुमाला."

मी दुकानातून तांदूळ आणले, आणि जरा पुढाकार दिसावा म्हणून वजनकाटाही काढून ठेवला. तिनं तो बाजूला सारला. "वजन न्हाई. ग्लासानं मोजायचंय." तिनं नवी पुरचुंडी भरली, आत गेली. कडी वाजली. मी टीव्ही लावला. ती बाहेर येऊन खिडकीच्या उजेडात उभी राहिली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होतो.

"बघा."

"छान आहे."

"हळद बघताना असं म्हणता व्हय? छान आहे?"

मग मी बघितलं. वर्षभरात पहिल्यांदा. सवयीनं काहीतरी गोड बोलणार होतो, पण ती तशीच उभी होती. हे तांदूळ घालून ती इतके दिवस याच घरात माझ्यासमोरून ये-जा करत होती. चहा देत होती. मला कळलं नव्हतं.

"डावीकडं जास्त वाटतंय," मी म्हणालो. "उजवी बाजू उतरलीय आता. वयानं."

बोलून गेलो आणि नजर पुन्हा कॅलेंडरकडं नेली.

"मलाबी तसंच वाटत होतं," ती म्हणाली, आणि वाटीत थोडे तांदूळ काढले.

असं बराच वेळ चाललं. ती आत, कडी, टीव्ही, ती बाहेर. एकदा फार कमी झाले, एकदा मीच म्हणालो, थोडे घाल परत. शेवटी तिनं पदर नुसता एका खांद्यावर टाकला आणि तो सरळ राहिला.

"आधीएवढं न्हाई हे," ती म्हणाली.

"नाही."

"जुने ब्लाउज सगळे आत घ्यायला लागतील."

"घेऊ की."

तिनं तेवढे तांदूळ ग्लासात मोजले, पुन्हा मोज्यात बांधले, आणि एकदा नीट बसवून बघते म्हणून आत गेली. मी रिमोट हातात घेऊन कडीची वाट बघत बसलो. कडी वाजली नाही. मी तरीही आवाज वाढवला. तेव्हा आतून तिचा आवाज आला,

"आवं, आधी तो टीव्ही बंद करा. आणि आत या. मागचं हूक लावायला माझा हात पोचत न्हाई."