बंकटचा बोर आन दीपमालाची बाटली

दीपमाला माझी धाकटी बहीन. माझ्याहून अकरा वर्सांनी ल्हान. तिला खांद्यावर बसवून मी नांदूरघाटच्या बाजाराला न्हेलेलं हाय. हे पयलंच सांगतो, कारन पुढं जे सांगनार हाय त्यात तिचं काई चुकलेलं न्हाई. चुकलं ते माझं.

मी बंकट. सातवीपस्तोर शिकलो. पन माझ्या बहिनीसारखी एक बाई या भागात दाखवा, मी मिशी उतरवून देतो. तिला गावातच दिली, खालच्या आळीला, सिदूच्या घरी. आठ साल दोघं ऊसतोडीला गेले. सिदू तोडायचा, ही मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची. नवव्या साली मुकादम आला तवा ही म्हनली, "भाऊ, औंदा मी न्हाई. दुसरी बायकू बघा."

"कोनाला बघू? सिदूला का मला?" मुकादम म्हनला. समदे हसले. ही हसली न्हाई, आन गेलीबी न्हाई.

तिनं अकरा बायकांचा बचत गट उभा केला. डाळीची मशीन आनली, गावची तूर गावातच भरडायची. पन मशीन दुपारपस्तोर बंद, कारन बायका टँकरच्या वाटेकडं डोळे लावून बसलेल्या. मग गटानं ठरवलं, आपली टाकी बांधायची. पानी कोनाचं? मीच म्हनलो, माझ्या बोरचं घ्या.

माझा बोर म्हंजी साधा न्हाई. पानी बघनाऱ्या पानाड्याच्या तळहातावर नारळ जिथं उभा रायला, तिथंच पाडलेला. चारशे फुटाला पानी असं उसळलं की बोर पाडनारा मशीनवाला चिंब. मी गावभर पेढे वाटले. सिरसाळ्याचे सोयरे आले की त्यांना आदी बोर दाखवतो, मग च्या.

एक दिवस दीपमाला पांढरी बाटली घेऊन आली. "दादा, पानी तपासायला बीडला पाठवायचंय. मोटर पाच मिनिटं चालू दे, मग भर. खराब निघालं तर फिल्टर बसवू. चांगलं निघालं तर तेच पैसे टाकीला लावू."

"माझं पानी तपासतीस? उद्या माझं आधार कार्ड मागशील!"

"गटानं सांगितलं तर मागन," म्हनली आन हसत गेली.

मोटर चालू केली मी. पन बाटली धरून उभाच रायलो. आमच्या हंड्यांवर पांढरा थर चढतो, मला ठावं व्हतं. खराब निघालं तर? बंकटचं पानी नापास, असं लोक म्हननार. घरात पावन्यांसाठी केजहून आनलेला पान्याचा जार व्हता. त्यातून बाटली भरली. बूच घट्ट लावलं. हसत तिच्या हातात दिली, हे आजबी टोचतं.

रिपोर्ट चांगला आला. मी तो पारावर मोठ्यानं वाचून दाखवला. फिल्टर बसवायचा रायला, त्याच पैशानं टाकी मोठी झाली. मशीन सकाळी नवाला सुरू व्हायला लागली. त्या साली अकरातली एकबी बाई तोडीला गेली न्हाई. बायका म्हनायच्या, बंकटदादाचं पानी. माझी छाती फुगायची. ते दोन साल असंच चाललं.

मग माझ्या नातीला, सुकन्याला, नवे दात आले ते पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांचे. केजला दातवाल्या डॉक्टरला दाखवलं.

"पानी कोनतं पेता?"

"घरच्या बोरचं. एक नंबर!"

"मामा, तुमच्या एक नंबर पान्यानंच हे झालं असनार. जास्त फ्लोराईड हाय वाटतं. ल्हान लेकरांना पाजू नका, पुढं हाडंबी धरतात."

'पानी तपासलेलं हाय' असं तोंडापस्तोर आलं. पन तो रिपोर्ट जारचा व्हता.

सांजच्याला दीपमालाकडं गेलो. ती सुपात तूर पाखडत व्हती. मला बघून खूस झाली. "बरं झालं आलास. उद्या अंगनवाडीला लाईन जोडायची. नारळ तुझ्याच हातानं फोडायचा."

"लाईन जोडू नको."

"कावून?"

समदं सांगितलं. तिचा हात थांबला न्हाई. सूप रिकामं झालं तरी पाखडतच रायली. मग हळू म्हनली, "गटातल्या चंद्रभागाबाई म्हनल्या व्हत्या, आजून एकदा तपासू. मी भांडले त्यांच्यासंगं. म्हनलं, माज्या दादानं सोताच्या हातानं बाटली भरलीय."

"आपन सांगू, तपासनाऱ्याचंच चुकलं..."

"दादा, मला खोटं शिकवू नको."

"फिल्टर मी बसवतो. म्हैस इकतो."

"ते तर बसवशीलच. आदी सकाळी टाकीपाशी ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर ती आदीच तिथं. हातात लाल रंगाचा डबा आन ब्रश. माझ्या हातात दिला. मी तोटीवर रंग फासला, टाकीवर मोठी फुली मारली. बायका घागरी घेऊन बघत व्हत्या.

"काय बंकटराव, नळाला शेंदूर लावताव का?" चंद्रभागाबाई म्हनल्या. दोघी-तिघी हसल्या.

"हे पानी पेऊ नका, लेकरांना तर पाजूच नका," मी म्हनलो. "बाटली मी बदलली व्हती. माझं नाव खराब व्हईल म्हनून. दीपमालाला काईच ठावं नव्हतं."

चंद्रभागाबाईंनी भरलेली घागर उचलली, माझ्या पायापाशी सगळी वतली, आन लांब मळ्यातल्या विहिरीच्या वाटंला लागल्या. त्यांच्या मागं दुसरी गेली, तिसरी गेली. दीपमालानं आपली घागर कमरंला घेतली आन त्यांच्या मागून गेली.