थेंबकाकांची रायफल

थेंबकाकांच्या खिशात तेलाची बोटभर बाटली कायम असायची, आणि ते कोणालाही तेल देत नसत. जर्मनीत एर्लांगेनच्या आमच्या नेमबाजी क्लबात कुणाची रायफल अडकली की तो आधी तेल मागायचा. काका फडकं पुढे करत. "आधी पूस. मग मला दाखव. थेंबाचं नंतर बघू."

त्यांची स्वतःची पॉइंट टू-टूची सेमी-ऑटोमॅटिक रायफल होती, दर गोळीनंतर पुढचं काडतूस आपोआप चढवणारी. तिची छोटी काडतुसं मेणचट, काजळी फार धरणारी. त्यात तेल ओतलं की आत चिखल होतो आणि पुढचं काडतूस चढत नाही. काका बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा भाग, जवळजवळ कोरडा ठेवत, मॅगझिनची स्प्रिंग तपासत, निरनिराळी काडतुसं आणून तिला कोणतं मानवतं ते बघत. पण एका वेळी एकच गोष्ट बदलत. "दोन बदलल्या, तर सुधारली कशानं हे काय तिला विचारणार?" असं मला म्हणाले होते. माझ्या घरात आणि ऑफिसात हा नियम अजून चालतो.

त्यांची लेक इरा शाळेत असताना एका दसऱ्याला तिने शस्त्रपूजा केली आणि हळदकुंकू थेट बोल्टावर वाहिलं. काका कौतुकाने बघत राहिले. रविवारच्या स्पर्धेत रायफल सुरुवातीलाच अडकली. उघडली तर आत लाल-पिवळा गाळ.

"अगं, नैवेद्य दाखवायचा असतो, भरवायचा नसतो," काका म्हणाले. "कुंकू दस्त्याच्या लाकडावर."

इरा जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटली, पण सगळा गाळ तिनेच काढला. त्या दिवशी काकांनी ठरवलं, ही पुढे इराची.

इरा नेम छान धरायची. मग शिकायला कार्ल्सरूहेला गेली आणि क्लब सुटला. काका दर फोनला विचारत, "तिथेही क्लब असेलच ना?"

"जाईन, बाबा. पुढच्या सेमेस्टरला."

तो सेमेस्टर यायच्या आत काका गेले. इथल्या कायद्याने नेमबाजी न करणाऱ्या वारसाला रायफल ठेवता येते, पण नळी बंद करून. बंदुकांच्या दुकानदाराने नळीत कुलूप बसवलं. जी कधी अडकू नये म्हणून काका एवढे जपले, ती आता कायमची अडकली.

त्या दसऱ्याला इराने मला घरी बोलावलं. रायफल बाहेर काढली, बोल्ट पुसला, काकांच्या बाटलीतून एकच थेंब सोडला. मी कुंकवाची कोयरी पुढे केली. "लाव गं कुठेही. आता काय बिघडणार आहे?"

"नाईन, नको मावशी," ती म्हणाली. "लाकडावरच."