खालून सर्व्हिस करणारी प्रज्ञा

उमरेडच्या शाळेत मधली सुट्टी नुकतीच संपली होती. मैदानावर मुलींच्या रांगा लावत असताना प्रज्ञाच्या धाकट्या भावाचा फोन आला. "मंजूताई, लवकर निघ बरं... ताई सकाळी कोर्टवरच पडली. बोलून नाही राहिली." एसटीनं नागपूरला पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले. सकाळी पोरींना टेनिसची व्हॉली शिकवणारी बाई दुपारी नव्हती. आता काही आठवडे झाले. रडणं थोडं मागं पडलंय, म्हणून लिहायला बसले आहे.

प्रज्ञा आणि मी एकाच सरांकडे टेनिस शिकलो, पण पहिली काही वर्षं एकमेकींशी धड बोलतही नव्हतो. दोघी सिंगल्सच्या, कधी ती मला हरवायची, कधी मी तिला. एका स्पर्धेत दोघींनाही डबल्ससाठी कोणी मिळेना, तेव्हा सरांनी आमची नावं एकत्र देऊन टाकली. मी तोंड फुगवून बसले. प्रज्ञा सरळ समोर येऊन उभी राहिली. "हे पाह्य, मले तू आवडत नाही आन् तुले मी. पण नेटच्या त्या बाजूच्या दोघी तं आपल्याले बिलकुल आवडत नाहीत ना? मंग चाल." त्या दिवशी आम्ही जिंकलो, आणि पुढे नागपुरातल्या हुडकेश्वरला तिच्या घरी माझं जेवण ठरूनच गेलं. तिचे बाबा वीज कार्यालयात कारकून होते. आम्ही खेळून आलो की हसून "जयभीम" म्हणायचे. जिंकलात का, हे मात्र कधी विचारायचे नाहीत. "पूर्ण खेळल्या ना?" एवढंच.

आमचा मोठा सामना आला तेव्हा दोघींनी तिशी ओलांडली होती. नागपुरात महिलांची व्यावसायिक स्पर्धा भरली, देशोदेशीच्या मुली आल्या आणि आयोजकांनी डबल्समधली एक जागा स्थानिक जोडीला द्यायचं ठरवलं. मी लग्न होऊन उमरेडला गेले होते, घरात लहान मुलगी होती. मी नाही म्हणणार हे ओळखून प्रज्ञा थेट घरी येऊन थडकली, माझ्या सासूबाईंना पटवलं आणि जाताना मला म्हणाली, "काहून घाबरून राहिली वं? जास्तीत जास्त हारू." पहिल्या फेरीत समोर दोन परदेशी मुली, आमच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान आणि चांगल्या उंच. पहिला सेट बघता बघता गेला. दुसऱ्यात आमचा जरा जम बसत होता, तेवढ्यात सर्व्हिस करताना प्रज्ञा एकदम वाकली आणि उजवा खांदा धरून तिथंच खाली बसली...

फिजिओनं तिचा हात उचलून पाहिला. तो खांद्याच्या वर जाईना. "थांबलेलं बरं," असं तिनं सांगितलं. मीही तेच म्हणाले. प्रज्ञाचा चेहरा पांढराफटक पडला होता, आवाज मात्र नेहमीचाच. "हात वर नाही जाऊन राहिला ना? मंग खालून मारतो मी." अंपायरला विचारलं; नियमात बसत होतं. ती रेषेवर उभी राहिली आणि लहान मुलांना खेळवावं तसा चेंडू खालून कापून पलीकडे टाकला. प्रेक्षकांत हशा पिकला. समोरच्या मुलीनं धावत येऊन तो असा मारला, की मला रॅकेट हलवायलाही वेळ मिळाला नाही. पुन्हा हशा. प्रज्ञा माझ्याजवळ आली. "हसू दे त्यायले. तिले पुढं आणाचं काम माझं. ती पुढं आली, का तू डोक्यावरून टाक."

तसंच केलं. नेटपलीकडे पडून मरून जाणारा तो चेंडू उचलायला ती उंच मुलगी पळत पुढे यायची, आणि तिनं कसाबसा परतवलेला चेंडू मी तिच्यामागच्या मोकळ्या जागेत सोडायचे. हसणं हळूहळू थांबलं. मग टाळ्या सुरू झाल्या. दुसरा सेट आम्ही घेतला! निर्णायक टायब्रेक मात्र दोन गुणांनी गेला. हात मिळवताना पाहिलं, तर जिंकलेल्यांपैकी एक मुलगी रडत होती. फाटकाशी बाबा उभे होते. "पूर्ण खेळलो, बाबा," प्रज्ञा म्हणाली. त्यांनी तिची बॅग आपल्या खांद्यावर घेतली आणि चालू लागले.

खांद्याचं ऑपरेशन झालं, पण वरून सर्व्हिस कायमची सुटली. कित्येक महिने ती माझा फोनही उचलत नव्हती. आणि एक दिवस तिचाच फोन आला, "बेस्यात एक कोर्ट सापडलं. भेगा पडल्या आहेत, पण चालते." शहराच्या टोकाला, बेसा भागातल्या नव्या इमारतींच्या मधलं ते सिमेंटचं कोर्ट तिनं तिथल्या लोकांच्या मागे लागून मिळवलं आणि मुलींना शिकवायला लागली. मुलींचे आईवडील म्हणायचे, "आमच्या पोरीचं सिंगल्स पक्कं करा." ती म्हणायची, "हौ, करतो ना. पण आधी तिले दुसरीसाठी पळता आलं पाहिजे."

यंदा तिच्या दोन मुलींना, ऋतुजा आणि आलियाला, शहरात भरलेल्या व्यावसायिक स्पर्धेत डबल्सची जागा मिळाली होती. स्पर्धा आठवड्यावर आली आणि प्रज्ञा गेली. मी हुडकेश्वरला बसायला गेले तेव्हा दोघी कोपऱ्यात मुसमुसत होत्या. "मॅडम नाहीत, तं आम्ही नाही खेळत," ऋतुजा म्हणाली. प्रज्ञाच्या आईनं डोळे पुसले. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मंजू, तू घेऊन जा वं या पोरींले. माह्या घरातून कोणी अर्ध्यातून नाही उठलं आजवर."

मी शाळेत रजा टाकली. पहिल्या फेरीत दोघी दडपणानं इतक्या आखडल्या होत्या, की आलियाच्या हातून चेंडू कोर्टाबाहेर काय, मैदानाबाहेर गेला. पण सावरल्या. ती फेरी जिंकल्या, पुढची हरल्या, दोन्ही सामने शेवटच्या गुणापर्यंत खेळल्या. आता शनिवार-रविवार मी सकाळच्या एसटीनं नागपूरला येते आणि बेस्याचं कोर्ट उघडते. माझ्यानं होईल तोवर ते बंद पडणार नाही.

परवा चौथी मुलगी आली नाही, म्हणून मीच रॅकेट घेऊन आलियाच्या बाजूला उभी राहिले. कितीतरी दिवसांनी खेळत होते. अगदी सोपा चेंडू आला आणि मी तो सरळ नेटमध्ये घातला.

"सॉरी!" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिघी जागच्या जागी थांबल्या. आलिया कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळली.

"मॅडम, जोडीदाराले सॉरी नाही म्हणाचं इथं. प्रज्ञा मॅडमनं सांगून ठेवलं आहे."

"मग काय म्हणायचं?"

"पुढचा!" तिघी एकदम ओरडल्या.

मी नेटखालचा चेंडू उचलला आणि रेषेकडे चालत गेले.

"पुढचा," मी म्हणाले.